शिकारी रायफल स्कोप

रायफलीवर बसवलेली आणि आत नेमाची फुली असलेली लहान दुर्बीण म्हणजे रायफल स्कोप होय. जर्मनी, ऑस्ट्रिया, अमेरिकेची संयुक्त संस्थाने इत्यादी देशांत हरीण, रानडुक्कर यांची शिकार परवान्याने व ठरलेल्या हंगामात चालते. तेथे स्कोपची किंमत पुष्कळदा रायफलीइतकी, काही वेळा तिच्याहून अधिक असते. त्यामुळे कोणता स्कोप किती चांगला आणि त्याला किती पैसे मोजावेत, हा तेथील शिकाऱ्यांत सततच्या वादाचा विषय आहे. खरेदीदाराच्या नजरेत प्रथम भरते ते विवर्धन, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसते ते. प्रत्यक्षात शिकारी स्कोपची योग्यता ठरते ती दोन गोष्टींवर: एकदा जुळवलेला नेम तो वर्षानुवर्षे टिकवतो काय, आणि दिवस मावळताना त्यातून पुरेसे दिसते काय. या दोहोंपैकी एकात तो उणा पडला, तर परिणाम केवळ हुकलेल्या गोळीपुरता राहत नाही. जखमी होऊन रानात नाहीसे झालेले जनावर ही त्याची खरी किंमत असते.

रचना

स्कोपच्या पुढच्या टोकाला वस्तुभिंग आणि डोळ्याकडच्या टोकाला नेत्रभिंग असते. वस्तुभिंगाने तयार होणारी प्रतिमा उलटी असते. ती सुलटी करणारी भिंगे एका आतील नळीत बसवलेली असतात. ही आतील नळी एका बाजूने स्प्रिंगने दाबून धरलेली असते, तर वरची आणि उजवीकडची अशा दोन फिरक्या तिला दुसऱ्या बाजूने रेटतात. फिरकी फिरवली की आतील नळी केसभर सरकते आणि नेम वर-खाली किंवा डावी-उजवीकडे जातो. बाहेरून भक्कम दिसणाऱ्या स्कोपचा सर्वांत नाजूक भाग तो हाच.

स्कोपवर '३-९×४०' असे आकडे लिहिलेले असतात. पहिले दोन आकडे विवर्धन ३ पटींपासून ९ पटींपर्यंत बदलता येते असे सांगतात. शेवटचा आकडा वस्तुभिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. '८×५६' असे लिहिले असल्यास विवर्धन ८ पट एवढेच, न बदलणारे. मुख्य नळीचा व्यास बहुधा २५.४ मिमी (१ इंच) किंवा ३० मिमी असतो. जाड नळीमुळे प्रकाश अधिक येतो ही समजूत सर्वत्र आढळते, पण ती चुकीची आहे. जाड नळीचा लाभ मुख्यतः नेम सरकवण्यास अधिक वाव मिळण्यात आणि मजबुतीत असतो.

साध्या नेमात बंदुकीची माशी, मागची खाच आणि लक्ष्य अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरील गोष्टी डोळ्याला एकाच वेळी पाहाव्या लागतात. स्कोपमध्ये फुली आणि लक्ष्य एकाच प्रतलात दिसतात. वाढत्या वयाच्या शिकाऱ्यांना स्कोप उपयोगी वाटतो तो विवर्धनापेक्षाही या कारणाने. मराठी वाचकांच्या परिचयाच्या ऑलिंपिक रायफल स्पर्धांत मात्र स्कोपला स्थान नाही. अंजली भागवत यांची १० मीटर एअर रायफल असो वा २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांना कांस्यपदक मिळवून देणारी ५० मीटर रायफल, दोन्हींवर बारीक छिद्रातून पाहण्याचा, विवर्धन नसलेला नेम असतो.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत रायफलीच्या नळीएवढ्या लांब, बारीक दुर्बिणी वापरात आल्या. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूस येथे विल्यम माल्कम यांनी १८५५ साली अशा दुर्बिणींचे उत्पादन सुरू केले. त्या अरुंद आणि अंधूक होत्या. युरोपात शतकाच्या अखेरीस व्हिएन्नाच्या कालेस व पुढे जर्मनीच्या झाइस या संस्थांनी आखूड, हाताळण्याजोगे स्कोप बनवले. तरी ही वस्तू दीर्घकाळ श्रीमंतांचीच राहिली. १९३० साली अमेरिकेत विल्यम वीव्हर यांनी '३-३०' हा स्कोप १९ डॉलरला विकण्यास सुरुवात केली, तेव्हा ती प्रथमच सामान्य शेतकऱ्याच्या व कामगाराच्या आवाक्यात आली. स्कोपच्या 'मूल्या'ची चर्चा खऱ्या अर्थाने येथून सुरू होते, कारण निवडण्यास आता महाग आणि स्वस्त असे दोन्ही पर्याय होते.

दोन शोधांनी स्कोपचे रूप पालटले. पहिला शोध १९३५चा. झाइसमधील भौतिकशास्त्रज्ञ अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर अतिशय पातळ थर देऊन परावर्तन कमी करण्याची पद्धत काढली. दुसरा शोध दिसण्यात साधा होता. स्कोपच्या नळीत दमट हवा राहिली, तर थंडीत भिंगांवर आतून दव साठते. ओरेगनच्या पावसाळी जंगलात अशाच धुरकटलेल्या स्कोपमुळे मार्कस ल्यूपोल्ड यांचे हरीण हुकले, अशी आठवण त्यांची कंपनी सांगते. १९४०च्या दशकाच्या अखेरीस या कंपनीने हवा काढून कोरडा नायट्रोजन भरलेले, घट्ट बंद स्कोप बाजारात आणले. आज अगदी स्वस्त स्कोपही नायट्रोजन किंवा आर्गॉन भरलेले असतात, निदान डब्यावर तसे छापलेले असते. नळीच्या जोडांतील रबरी कडी किती वर्षे टिकतील, हे डब्यावर नसते.

प्रकाश आणि संधिप्रकाश

हरीण आणि रानडुक्कर हे पहाटे व तिन्हीसांजेला बाहेर पडणारे प्राणी आहेत. अमेरिकेच्या अनेक राज्यांत सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत शिकारीस मुभा असते. जर्मनीत मचाणासारख्या उंच मनोऱ्यावर बसून चांदण्यातही रानडुकराची वाट पाहतात. स्कोपच्या भिंगांची परीक्षा होते ती या वेळी. भर दुपारी दुकानाच्या दारात उभे राहून पाहिले, तर साधारण स्कोप आणि उत्तम स्कोप यांत फारसा फरक कळत नाही.

लेप नसलेल्या भिंगाच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. स्कोपमध्ये असे १२ पृष्ठभाग धरले, तर डोळ्यापर्यंत जेमतेम ६१ टक्के प्रकाश पोहोचतो. एकेरी लेपाने प्रत्येक पृष्ठभागावरील तोटा दीड टक्क्याच्या आसपास येतो आणि एकूण ८३ टक्के प्रकाश मिळतो. अनेक थरांचा लेप सर्व पृष्ठभागांवर दिला, तर हा आकडा ९० टक्क्यांच्या वर जातो. म्हणूनच 'कोटेड', 'मल्टिकोटेड' आणि 'फुल्ली मल्टिकोटेड' या शब्दांत फरक आहे. पहिल्या शब्दाचा अर्थ कुठल्या तरी एखाद्या पृष्ठभागावर एखादा थर आहे, एवढाच होऊ शकतो. काही जाहिराती ९९ टक्के प्रकाश देण्याचा दावा करतात. तो आकडा एका पृष्ठभागाचा असेल, तर १२ पृष्ठभागांनंतर उरतो तो सुमारे ८९ टक्के.

यापुढील टक्क्यांसाठी किती पैसे द्यावेत, याचे ढोबळ गणित मांडता येते. निरभ्र आकाशात सूर्यास्ताच्या वेळी सुमारे ४०० लक्स प्रकाश असतो, तर नागरी संधिप्रकाश संपताना तो ३.४ लक्सपर्यंत उतरतो. समशीतोष्ण प्रदेशात या दोन क्षणांमध्ये सुमारे अर्धा तास जातो. म्हणजे अर्ध्या तासात प्रकाश जवळजवळ सात वेळा निम्मा होतो, सरासरी दर सव्वाचार मिनिटांनी एकदा. हा वेग सर्वकाळ सारखा नसतो, पण अंदाजासाठी पुरेसा आहे. ८५ टक्के प्रकाश देणाऱ्या स्कोपऐवजी ९२ टक्के देणारा घेतला, तर प्रकाश सुमारे ८ टक्क्यांनी वाढतो. वेळेच्या हिशेबात ही कमाई सुमारे अर्ध्या मिनिटाची आहे.

याउलट विवर्धनाची कडी फिरवण्यास काही पडत नाही. वस्तुभिंगाच्या व्यासाला विवर्धनाने भागले की नेत्रभिंगातून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ३-९×४० स्कोप ९ पटींवर ठेवल्यास ती ४.४ मिमी, तर ६ पटींवर ६.७ मिमी येते. अंधारात डोळ्याची बाहुली तेवढी मोठी होत असेल, तर प्रतिमा सव्वादोन पट उजळ दिसते आणि वरील हिशेबाने सुमारे पाच मिनिटे अधिक मिळतात. अर्थात प्रतिमा लहान होते. बारकावे ओळखण्यास विवर्धनही लागते. ही देवाणघेवाण मोजण्यासाठी विवर्धन आणि व्यास यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेतात. त्याला संधिप्रकाश गुणांक म्हणतात. ४×३२साठी तो ११.३ आणि ८×५६साठी २१.२ येतो. या गुणांकात काचेच्या दर्जाचा मागमूसही नसतो. त्यामुळे निकृष्ट ८×५६ आणि उत्कृष्ट ८×५६ यांचा गुणांक एकच असतो आणि विक्रेते तो सारख्याच अभिमानाने सांगतात.

वयाचाही विचार करावा लागतो. तरुणपणी बाहुली अंधारात ७ मिमीपर्यंत उघडते, पण पन्नाशी-साठीनंतर अनेकांची ५ मिमीच्या पुढे जात नाही. अशा माणसाला ८×५६ स्कोपचा ७ मिमी जाडीचा झोत पुरता घेताच येत नाही. त्याला एवढाच लाभ होतो की डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी प्रतिमा काळी पडत नाही. ५६ मिमीचे वस्तुभिंग जड असते. ते नळीला टेकू नये म्हणून स्कोप उंच बसवावा लागतो आणि गाल दस्त्यावर नीट टेकत नाही.

महागड्या काचेचा खरा फायदा एकूण प्रकाशापेक्षा प्रतिमेच्या स्वच्छतेत असतो. मावळतीकडे तोंड करून झाडीच्या सावलीत पाहताना हलक्या स्कोपच्या आत प्रकाश विखुरतो आणि सर्व दृश्यावर दुधी पडदा पसरतो. नळीच्या आतील काळा रंग, भिंगांच्या काळ्या केलेल्या कडा आणि विखुरता प्रकाश अडवणारी कडी यांवर हे अवलंबून असते. रंगांच्या कडा उमटणे, म्हणजे वर्णीय विपथन, हे विशेष काचेने कमी होते. शिकाऱ्याला मात्र त्याचा त्रास या दुधी पडद्याच्या मानाने थोडाच.

नेम टिकवणे

भिंगे कितीही चांगली असोत, नेम सरकणारा स्कोप शिकारीस निरुपयोगी असतो. गोळी जेथे लागते तेथेच फुली दिसेल अशी जुळवणी करण्याला नेमबाज 'झिरो करणे' म्हणतात. कोन मोजण्याचे एकक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग. १०० मीटरवर एका मिनिटाचे २.९ सेंमी होतात. झिरो नकळत दोन मिनिटांनी सरकला, तर २०० मीटरवर गोळी सुमारे साडेअकरा सेंमी बाजूला जाते. लहान हरणाच्या छातीतील मर्मस्थानाचा व्यास १५ सेंमीच्या आसपास असतो. मध्यावर धरलेला नेमही मग मर्माबाहेर पडतो, आणि जनावर मरत नाही, जखमी होऊन पळते.

झिरो सरकण्याची कारणे बहुधा आतील नळीत सापडतात: कमकुवत स्प्रिंग, मऊ धातूचे आटे, सैल बसवलेली भिंगे. गोळी सुटताना बसणारा हिसका प्रत्येक वेळी या भागांना हादरवतो. रायफल जितकी जबर आणि स्कोप जितका जड, तितका हा ताण वाढतो. हलक्या स्कोपची एक ओळखीची खूण अशी की फिरकी फिरवूनही पुढची गोळी जागची हलत नाही आणि त्यानंतरची दोन गोळ्यांनी एकदम उडी मारते. आतील नळी अडकून राहते आणि हिसक्याने सुटते. असा अनुभव आलेले जुने शिकारी फिरकी फिरवल्यावर तिच्यावर काडतुसाने टिचकी मारतात.

ही परीक्षा घरच्या घरी नव्हे, तरी कोणत्याही चांदमारीच्या मैदानावर करता येते. एकाच बिंदूवर नेम धरून गोळ्यांचा एक गट मारावा. मग फिरकी ४० क्लिक वर, पुढे ४० उजवीकडे, ४० खाली आणि ४० डावीकडे न्यावी आणि प्रत्येक वेळी पुन्हा गोळ्या माराव्यात. चौकोन पुरा होऊन शेवटचा गट पहिल्या गटावर पडला, तर यंत्रणा विश्वासार्ह आहे. पाव मिनिटाच्या ४० क्लिकची बाजू १०० मीटरवर सुमारे २९ सेंमी भरली पाहिजे. ती कमीअधिक भरली तरी आकार चौकोनीच राहील, म्हणून बाजू पट्टीने मोजणे आवश्यक असते. बहुतेक खरेदीदार ही परीक्षा करत नाहीत. भिंगातून पाहून निर्णय घेतात.

स्प्रिंगच्या एअर रायफलीत हिसका आधी मागे आणि लगेच पुढे असा दोन्ही बाजूंनी बसतो. जबर शिकारी रायफलीवर टिकलेला चांगला स्कोपही तीवर निकामी होऊ शकतो. त्यामुळे एअर रायफलीसाठी म्हणून बनवलेलाच स्कोप घ्यावा लागतो.

स्कोपवर येणारा पुष्कळसा दोष वस्तुतः त्याच्या बैठकीचा असतो. कड्यांचे स्क्रू सैल राहिले तर स्कोप हिसक्याने घसरतो. फार आवळले तर नळी दबून आतील हालचाल अडकते. कड्यांच्या स्क्रूंना साधारण २ न्यूटन-मीटर एवढाच पीळ सांगितलेला असतो, आणि तो हाताच्या अंदाजाने साधत नाही. महाग स्कोप घेऊन कड्यांत काटकसर करणे ही नेहमी आढळणारी चूक आहे.

डोळ्यापासूनचे अंतर

पूर्ण प्रतिमा दिसण्यासाठी डोळा नेत्रभिंगापासून ८ ते १० सेंमी दूर असावा लागतो. हे अंतर कमी असेल तर हिसक्याने स्कोपची कड भुवईवर आदळते. ज्यांच्या भुवईवर चंद्रकोरीसारखा व्रण आहे त्यांना याचे महत्त्व सांगावे लागत नाही. काही स्कोपमध्ये विवर्धन वाढवताच हे अंतर घटते. त्यामुळे खरेदीच्या वेळी कमाल विवर्धनावर पाहणे योग्य.

फुली

युरोपीय परंपरेत फुली पहिल्या प्रतलात, म्हणजे वस्तुभिंगाच्या बाजूस असे. विवर्धनाबरोबर ती लहानमोठी होते. अमेरिकेत ती दुसऱ्या प्रतलात, म्हणजे नेत्रभिंगाच्या बाजूस ठेवण्याची रीत पडली. तेथे तिची जाडी कायम राहते. जर्मन 'क्रमांक ४' या फुलीला तीन जाड दांडे असतात. दिवसा ते बोजड वाटतात, पण संध्याकाळी काळ्या डुकराच्या अंगावर बारीक रेषा हरवून जाते तेव्हा दांडेच वाट दाखवतात. हल्ली फुलीच्या मध्यावर बॅटरीवर चालणारा लाल ठिपका मिळतो. त्याचा उजेड अगदी मंद करता येणे महत्त्वाचे असते. स्वस्त स्कोपमधील ठिपका सर्वांत कमी पातळीवरही इतका प्रखर असतो की त्यामागचे जनावर दिसेनासे होते.

अनावश्यक गुण

पराशय दुरुस्त करणारी तिसरी फिरकी आणि उघड्या, मोठ्या फिरक्या या गोष्टी दूर पल्ल्याच्या नेमबाजीतून शिकारी स्कोपमध्ये आल्या. फुली आणि प्रतिमा एकाच प्रतलात नसतील, तर डोळा हलताच फुली लक्ष्यावरून सरकते, हाच पराशय. ४० मिमी वस्तुभिंगाचा स्कोप १०० मीटरसाठी जुळवलेला असेल, तर २०० मीटरवर ही चूक जास्तीत जास्त २ सेंमी आणि ३०० मीटरवर ४ सेंमी होते, आणि तीही डोळा पार कडेला गेला तरच. मर्मस्थानाच्या मानाने ही चूक किरकोळ आहे.

अंतरानुसार फिरकी फिरवण्याची गरजही थोड्यांनाच पडते. .३०-०६सारख्या प्रचलित काडतुसाचा झिरो सुमारे २०० मीटरवर ठेवला, तर जवळजवळ २४० मीटरपर्यंत गोळी नेमाच्या ७-८ सेंमी वर-खालीच राहते. बहुतांश हरणे याहून पुष्कळ जवळून मारली जातात. उघडी फिरकी झुडपात अडकून नकळत फिरू शकते. जंगलातल्या शिकारीत झाकणाखालची फिरकीच अधिक सुरक्षित मानावी लागते.

किंमत

अमेरिकेच्या बाजारात २०० ते ५०० डॉलरच्या दरम्यान विकल्या जाणाऱ्या ३-९×४० प्रकारच्या स्कोपमध्ये स्पर्धा सर्वांत तीव्र आहे आणि पैशाचा मोबदलाही तेथेच सर्वाधिक मिळतो. त्याहून फार स्वस्त स्कोपमध्ये काटकसर बहुधा न दिसणाऱ्या यंत्रणेत होते. भिंगे बरी दिसतात, कारण ग्राहक तीच पाहतो. वरच्या टोकाला श्वारोव्स्की, झाइस, श्मिट उंड बेंडर यांचे ५६ मिमी स्कोप २,००० युरोंच्या वर जातात. त्यांची यंत्रणा आणि काच निःसंशय सरस असते, परंतु किंमत चौपट झाली म्हणून गुणवत्ता चौपट होत नाही. रात्री मनोऱ्यावर बसणाऱ्या जर्मन शिकाऱ्याला तो खर्च पटू शकतो. वर्षातून चार दिवस, तेही दिवसा, दाट झाडीत जाणाऱ्याला त्या पैशातून सरावाची काडतुसे अधिक लाभ देतील.

स्कोपवरील नावावरून तो कोठे तयार झाला हे कळतेच असे नाही. अनेक अमेरिकी नावांचे स्कोप जपान, फिलिपाइन्स किंवा चीनमध्ये कंत्राटावर बनतात. जपानच्या नागानो प्रांतातील सुवा परिसर या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे, आणि एकाच कंपनीच्या दोन मालिका दोन वेगळ्या देशांतील असू शकतात. विवर्धनाचा पल्ला हेही किमतीतील फरकाचे एक कारण आहे. किमान विवर्धनाच्या ८ पटींपर्यंत जाणाऱ्या स्कोपमध्ये ३ पटींच्या स्कोपपेक्षा अधिक आणि अधिक काटेकोर भिंगे लागतात. त्यामुळे समान किमतीत साधा, कमी पल्ल्याचा स्कोप बहुधा अधिक टिकाऊ आणि स्वच्छ निघतो. काही अमेरिकी उत्पादक आजीवन दुरुस्तीची हमी देतात आणि ती दुसऱ्या मालकालाही लागू होते, त्यामुळे असे जुने स्कोपही चांगल्या भावाने विकले जातात. हंगामाच्या पहिल्या सकाळी झिरो सरकला, तर मात्र ती हमी त्या दिवशी कामास येत नाही.

भारतातील स्थिती

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात छंद म्हणून होणारी शिकार बंद झाली. माणसांना धोकादायक ठरलेल्या प्राण्याविषयी मुख्य वन्यजीव रक्षकाच्या आदेशाने होणारी कारवाई हा अपवाद आहे. त्यामुळे महाराष्ट्रात आणि गोव्यात स्कोप दिसतो तो प्रामुख्याने एअर रायफलीवर, कागदी किंवा पत्र्याच्या लक्ष्यावर नेम धरण्यापुरता. अशा वापरात लक्ष्य १० ते ५० मीटरवर असते. १०० मीटरसाठी जुळवलेल्या शिकारी स्कोपमध्ये एवढ्या जवळची प्रतिमा अस्पष्ट दिसते आणि पराशयाची चूक लक्ष्याच्या मानाने मोठी ठरते. शिकारीत अनावश्यक म्हटलेली पराशयाची फिरकी येथे आवश्यक असते.